‘आई, आपण हिंदूच ना?’

वाचक विचारतात

आम्ही नवरा-बायको दोघंही बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू). सासर मूळचं अलिबागकडचं, माझं माहेर ठाण्याचं. नोकरीमुळे सहा वर्षं नाशिकला आहोत. इथं आपलं देऊळ (सिनेगॉग) नाही, ओळखीचं ज्यू घर नाही. सासूबाई होत्या तोवर शुक्रवारचा दिवा, रोजे, मलिदा (गोड पोह्यांचा विधी) सगळं आपोआप व्हायचं. त्या गेल्या आणि दोन वर्षांत एकेक सुटत गेलं. आडनावात ‘कर’ असल्यानं सगळे आम्हाला हिंदू समजतात आणि आम्हीही कधी दुरुस्ती केली नाही. या वर्षी (२०२६) सोसायटीनं गणपतीच्या आरतीचा मान आम्हाला दिलाय, तोही फार प्रेमानं. मुलगी आठ वर्षांची आहे. तिनं परवा विचारलं, ‘आई, आपण हिंदूच ना?’ मुलाचा जन्म फेब्रुवारी २०१४ चा. बार मित्स्वा (तेरा वर्षं झाल्यावरचा धर्मविधी) तोंडावर आला, हिब्रूचं एक अक्षर येत नाही, शाळेच्या चाचण्या शनिवारी. दीर इस्राएलमधल्या अश्दोदहून सांगतात, इकडे या, तिथं मुलं ज्यू राहणार नाहीत. मला आत्ता देश सोडायचा नाही. काय धरू, काय सोडू?
– अ. पे., नाशिक

उत्तर

शालोम अ. पे.,

मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर आजच द्यायला हवं. ‘नाही बाळा, आपण ज्यू. बेने इस्राएल. आपण मराठी आहोत, आणि ज्यू आहोत.’ एवढंच. लांबलचक इतिहास नको आणि ‘ते आणि आपण’ अशी विभागणीही नको. आठ वर्षांच्या मुलीला व्याख्या समजत नाही, आपल्या घरात काय केलं जातं ते समजतं. ‘आपण शुक्रवारी दिवा लावतो, म्हणून आपण ज्यू’ हे तिला लगेच पटेल. मात्र तुमच्या घरी सध्या दिवाच लागत नाही, आणि अडचण तिथं आहे.

आपल्या समाजानं हे आधी कसं निभावलं तेही पाहा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ना सेफेर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) होती, ना हिब्रू वाचणारा माणूस. उरल्या होत्या चारच गोष्टी: शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतची विश्रांती), मुलांची सुंता, खाण्यातले निषेध आणि ‘शेमा यिस्राएल’ ही एकाच देवाची प्रार्थना. त्या चारांवर समाज तगला. पण त्यांना एक आधार होता, जो तुम्हाला नाही. गावानं त्यांना नावच ‘शनिवार तेली’ दिलं होतं. शनिवारी घाणा बंद, हे अख्ख्या गावाला ठाऊक. एखाद्याला शनिवारी घाणा चालवावासा वाटला असता, तरी आधी गावानंच विचारलं असतं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये तुम्ही कोण हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे दिवा विझला तरी कुणी विचारत नाही. आपल्याकडे समाजात विरघळण्याचा दाब असा येतो. धमकी नाही, द्वेष नाही. समोरून माया आणि आपल्याकडून गप्प बसणं. म्हणून तुमची कामं दोन: घरात थोडं पण न चुकता करायचं, आणि आपण कोण ते शेजाऱ्यांना नीट सांगायचं.

घरातलं पहिलं काम शुक्रवारचं. संपूर्ण शब्बाथ पाळण्याची घोषणा करू नका. तुमच्या परिस्थितीत तो तीन आठवड्यांत मोडेल, आणि मोडलेला नियम मुलांना ‘हे काही खरं नसतं’ एवढंच शिकवतो. वर्षभर शुक्रवारची संध्याकाळ मात्र अजिबात चुकवायची नाही. पाहुणे असोत, उद्या पेपर असो, क्रिकेटचा सामना असो.

दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात. नाशिकला नोव्हेंबरअखेर सूर्यास्त साधारण ५.५५ ला असतो, म्हणजे दिवा ५.३५ च्या आसपास. जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, तेव्हा दिवा सातला. ऑफिसातून सहाला निघणाऱ्या घरात हिवाळ्यात इथंच गाडी अडते. तुम्हाला जमत नसेल तर नवऱ्यानं लावावा, तेही नसतील तर मुलानं. बाईनंच लावावा अशी रीत आहे, पण तिच्यावाचून दिवा अडत नाही. सूर्यास्तानंतर मात्र लावू नका. उशीर झाला तर त्या आठवड्यात दिव्याशिवायच किद्दुश (द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना) करा.

जुन्या घरांत काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि तरंगती वात असायची. सासूबाईंचा पेला असेल तर तोच काढा. फक्त नाशिकच्या थंडीत खोबरेल थिजतं, कोकणात हा प्रश्न फारसा येत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिळाचं किंवा सूर्यफुलाचं तेल वापरा. पेला दोन-तृतीयांश पाण्यानं भरायचा, वर बोटाच्या पेराएवढं तेल. तुमच्या वातीला ते किती तास पुरतं हे एखाद्या बुधवारी लावून पाहा. जेवण संपेपर्यंत टिकायला हवा. लावल्यावर पेला हलवायचा नाही, म्हणून पंख्याच्या वाऱ्यापासून दूरची जागा आधीच ठरवा.

किद्दुशसाठी लोक हमखास चुकतात. तुम्ही द्राक्षांच्या गावात राहता म्हणून इथल्या वायनरीची बाटली आणली, असं चालत नाही. द्राक्षं चुरडण्यापासून बाटली भरण्यापर्यंत ती ज्यू हातांनी झालेली लागते. आपल्याकडची जुनी सोय म्हणजे मनुकांचं सरबत. वाटीभर काळे मनुके धुऊन गुरुवारी रात्री दोन वाट्या पाण्यात भिजत घाला. शुक्रवारी त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळा, हातानं चांगले कुस्करा, मलमलच्या कापडातून घट्ट पिळून गाळा. पाणी जास्त घातलं की नुसतं गोडसर पाणी होतं, आणि मनुका कमी पडला तर किद्दुशला चालणारं पेयच राहत नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. वर फेस दिसला की आंबायला लागलं समजा. आणि नाशिकचा खरा फायदा हंगामात घ्या. फेब्रुवारी ते एप्रिल काळी द्राक्षं घरी चुरडून, गाळून, रस छोट्या बाटल्यांत फ्रीझरला टाका. किद्दुशचा पेला किमान ८६ मिलीचा असावा, त्यावरून किती बाटल्या लागतील ते काढा. मुलांना हे काम द्या. हात जांभळे होतील, पण वर्षभर त्यांनीच केलेला रस ताटाशी येईल.

हमोत्सीसाठी (भाकरीवरच्या आशीर्वचनासाठी) बेकरीची भाकर शोधत बसू नका. दोन अखंड चपात्या, वर स्वच्छ फडकं, शेजारी मीठ. जेवणात मटण असेल तर चपातीला तूप लावायचं नाही, हे मुलीला सांगून ठेवा म्हणजे ती दरवेळी आठवण करेल. किद्दुशच्या बेराखा (आशीर्वचनं) अजून पाठ नसतील तर देवनागरीत लिहून भिंतीवर लावा. नुसता ‘शेमा’ तरी त्या संध्याकाळी चौघांनी उभं राहून मोठ्यानं म्हणायचाच: शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. हाच शेमा मुलीला रोज झोपताना म्हणायला लावा. महिन्याभरात तो तिचा होतो.

आता स्वयंपाकघर. नाशिकला शोहेत (धर्मविधीनं जनावर कापणारा) नाही, मग कोशेर (धर्मनियमांत बसणारं) मटण-चिकन कुठून आणायचं, या विचारात बरीच घरं ‘मग काहीच पाळू नका’वर येतात. सोपा मार्ग असा: घरात मांस शिजेल तर कोशेरच, नाहीतर शाकाहार आणि मासे. महाराष्ट्रात शाकाहारी राहण्याइतकं सोपं काही नाही. ठाण्याला किंवा मुंबईला जाल तेव्हा तिथल्या समाजाकडे आधी मागणी नोंदवून कापलेलं मांस बर्फाच्या डब्यात आणा. मीठ लावून आणलेलं नसेल तर घरी अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर किंवा जाळीवर, मग तीनदा धुवायचं. बारीक मीठ विरघळून जातं, रक्त ओढत नाही. आणि मांस सपाट ताटात ठेवलं तर निघालेलं रक्त पुन्हा त्यातच मुरतं, म्हणून उतार हवा. कलेजीला ही पद्धत लागू नाही, ती विस्तवावर भाजावीच लागते. माशांत पापलेट, रावस, सुरमई, बांगडा चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी, वाम, शिंगाडा नाही. खवले आणि पर दोन्ही हवेत. दूध आणि मांसाच्या बाबतीत कोकणानं आपलं काम आधीच सोपं करून ठेवलंय. नारळाचं दूध कालवणातही चालतं आणि गोडातही. राहिला दुपारचा चहा. मांसानंतर दूध घ्यायला सहा तास थांबायची रीत आहे, तेव्हा मटणाच्या दिवशी चहा कोरा. या एका नियमावर नवरे जितके कुरकुरतात तितके रोज्यावरही नाही.

डब्यातलं आणि बाहेरचं खाणं एकदम घट्ट करू नका. मुलांना एकच वाक्य द्या: ‘बाहेर मी शाकाहारी.’ कुठल्याही वाढदिवसाला ते पुरतं, आणि कुणी फाटे फोडत नाही.

आता गणपती. या वर्षीची पंचांगं एकमेकांवर ठेवून पाहा. रोश हशाना (आपलं नवं वर्ष) ११ सप्टेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन १२ आणि १३ ला. लगेच सोमवारी १४ ला गणेश चतुर्थी, आणि त्याच दिवशी आपला गेदल्याचा रोजा. किप्पूर (प्रायश्चित्ताचा मोठा उपास) रविवारी २० च्या संध्याकाळपासून सोमवारी २१ च्या रात्रीपर्यंत, म्हणजे सोसायटीत गणपती बसलेले असताना. यात योगायोग फारसा नाही. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि दोन्हींत अधिक महिना येतो, म्हणून आपला तिश्री महिना कधी भाद्रपदावर बसतो, कधी आश्विनावर. २०२५ मध्ये किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आले होते, २ ऑक्टोबरला. आपला पुरीमचा सण होळीच्या आसपास येतो. जुनी माणसं पुरीमला ‘होळीचा सण’च म्हणत. यातून आपल्या घरांचं एक नुकसान होतं. मुलांना त्या आठवड्यात सण मिळालेला असतो, नवे कपडे, गोडधोड, सुट्टी. त्यामुळे स्वतःचा सण चुकल्याचं त्यांना कळतच नाही. उपाय म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपले दिवस ठळक शाईनं लिहा, आणि आदल्या संध्याकाळचा चौकोनही रंगवा. ज्यू दिवस संध्याकाळी सुरू होतो, आणि फक्त दुसऱ्या दिवशी खूण केली की पहिली संध्याकाळ हातची जाते.

आरतीचा मान स्वीकारू नका. बाकी मराठी संस्कृती आपलीच आहे. मंगळसूत्र, मेंदी, हिरव्या बांगड्या, पुरणपोळी, दिवाळीचा फराळ यांनी कुणाचं ज्यूपण गेलेलं नाही. १८८० च्या सुमारास तर आपल्या लोकांनी कीर्तन उचललं. झांजा त्याच, चाली त्याच, आख्यान मात्र अब्राहामाचं आणि योसेफाचं. साज घेतला, देव बदलला नाही. सीमा तिथंच आहे. मूर्तीपुढं उभं राहून आरती ओवाळणं ही पूजा, आणि पूजा आपण करत नाही. नैवेद्य दाखवलेला प्रसादही खात नाही.

हे सोसायटीला कसं सांगायचं? उत्सवाच्या आठवड्यात, सगळ्यांसमोर, थाळी पुढे आल्यावर तर नाहीच. मान देणाऱ्याचा तिथं अपमान होतो आणि तुम्हीही घाबरून थाळी हातात घ्याल. तीन-चार आठवडे आधी सेक्रेटरींच्या घरी दोघांनी जा, आणि साधं बोला: ‘काका, तुम्ही आमची आठवण ठेवलीत, फार बरं वाटलं. आम्ही ज्यू आहोत, बेने इस्राएल. आमच्यात मूर्तीची पूजा करत नाहीत, त्यामुळे आरतीचा मान आम्हाला घेता येणार नाही. पण मुलांच्या स्पर्धेची बक्षिसं या वर्षी आमच्याकडून.’ नकाराबरोबर दुसरं काहीतरी ठोस देणं महत्त्वाचं. नुसता नकार माणसं विसरत नाहीत. वर्गणीचंही तसंच. पूजेच्या खर्चाला नको, पण रक्तदान शिबिर, मुलांचे कार्यक्रम, दिव्यांची रोषणाई यांपैकी एका खात्यावर द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. कुणी मायेनं मोदक आणून दिले तर नैवेद्याआधीचे आहेत का ते विचारायला लाजू नका. पुढच्या वर्षी तीच शेजारीण तुमच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवेल. बेने इस्राएल घरांत या बाबतीत एकवाक्यता नाही, हे खरं. प्रसाद हातात घेऊन पुढे देणारीही घरं आहेत. आमचं मत असं की लहान मुलं असलेल्या घरानं स्पष्ट असावं. मोठ्यांना मनातला फरक कळतो, मुलांना फक्त हात दिसतो.

‘आम्ही ज्यू’ म्हटल्यावर ‘म्हणजे ख्रिश्चन का?’ हा प्रश्न येणारच. मुलांकडून उत्तर घोकून घ्या: ‘नाही. आमचा धर्म त्याच्याही आधीचा. अलिबागजवळ नवगावला आमचे पूर्वज उतरले, असं आमच्यात सांगतात.’ आणि पहिल्या वर्षीच शेजाऱ्यांना मलिद्याला बोलवा. आपण कोण हे सांगायची याहून चांगली रीत आपल्याकडे नाही.

दहा-बारा माणसांना अर्धा किलो जाडे पोहे, एक मोठा ओला नारळ, पाव किलो साखर किंवा किसलेला गूळ, चमचाभर वेलची पूड, मूठभर बदाम-पिस्त्यांचे काप. पोहे चाळणीत धुऊन पंधरा मिनिटं निथळत ठेवायचे. भिजत घालायचे नाहीत, नाहीतर लगदा होतो. नारळ आणि साखर अगदी शेवटी मिसळा, कारण साखरेला पाणी सुटतं आणि तासाभरात पोहे बसतात. ताटाभोवती फळं: खजूर, केळं, सफरचंद, संत्रं, चिकू, जे मिळेल ते, पाच प्रकार. शिवाय गुलाब किंवा सब्जाची डहाळी. एलियाहू हनाबीचं (संदेष्टा एलियाचं) गीत म्हणायचं, मग बेराखा: झाडाच्या फळावर वेगळी, केळ्यावर वेगळी (केळं जमिनीच्या पिकात धरतात), पोह्यांवर वेगळी, सुवासावर वेगळी. प्रत्येक बेराखेनंतर ती वस्तू सगळ्यांना वाटायची. मुलीला डहाळी घेऊन फिरवा. प्रसंग कुठलाही चालतो: नवं घर, निकाल, आजारातून उठणं, फेडायचा नवस. तू बिश्वातला (झाडांच्या सणाला) तर हमखास.

मुलाचा बार मित्स्वा मात्र आता घाईचा विषय आहे. आधी तारीख. इंग्रजी वाढदिवस उपयोगाचा नाही, तेरा वर्षं ज्यू पंचांगानं मोजायची. २०१४ हे ज्यू पंचांगात अधिक महिन्याचं वर्ष होतं आणि फेब्रुवारीचा सगळा महिना पहिल्या अदारात येत होता. २०२७ मध्येही दोन अदार आहेत, आणि पहिला अदार ८ फेब्रुवारीला सुरू होतो. म्हणजे १ फेब्रुवारीचा जन्म असेल तर ८ फेब्रुवारी २०२७, दहाचा असेल तर १७ फेब्रुवारी, याप्रमाणे. जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर आणखी एक दिवस पुढे. हॉस्पिटलच्या कागदावर वेळ असते, ती काढून पाहा आणि देवळाच्या हजानांकडून (प्रार्थना चालवणाऱ्यांकडून) तारीख पक्की करून घ्या.

दिवस कुठला घ्यावा? सगळे शनिवारच धरतात. तुम्ही गुरुवार किंवा सोमवार धरा. या दोन दिवशीही सकाळी तोरा वाचतात, आणि वाचन बरंच आखूड असतं. तेफिलीन (प्रार्थनेवेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या कातडी डब्या) शब्बाथला बांधत नाहीत, गुरुवारी बांधता येतात. नाशिकहून गाडीनं येण्याचा प्रश्न नाही, नातेवाइकांना फोटो काढता येतात. अडचण एकच. कामाच्या दिवशी दहा पुरुष जमतीलच याची खात्री नसते, आणि दहा नसतील तर तोरा काढता येत नाही. म्हणून महिनाभर आधी ठाण्याच्या शआर हशामाईम देवळाच्या समितीशी बोला. तुमचं माहेर तिथलं आहे, दोन मामा आणि चार चुलते धरले तर निम्मा मिनियान (दहा पुरुषांचा गट) घरचाच होईल. न्याहारी तुमच्याकडून आहे हे आधीच कळवून टाका, त्यानं बाकीचे वेळेवर येतात.

शिकवायचं काय? पूर्ण परशा (त्या आठवड्याचा तोराचा भाग) घोकून घ्यायचा हट्ट नको. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याकडून ऑडिओवरून तीस ओळी पाठ करून घेतल्या तर दुसऱ्या दिवशी तो सगळं विसरतो. उरलेला वेळ असा वाटा: पहिले दोन महिने फक्त अक्षरं. बावीस, आणि त्यातल्या पाचांची शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपं. रोज पंधरा मिनिटं, रविवारी एकदम दोन तास नको. मग स्वरचिन्हं. ती खाली-वर लागतात, आपल्या काना-मात्रेसारखीच, त्यामुळे मराठी मुलाला लवकर कळतात. देवनागरीत लिहिलेला हिब्रू पाठ सुरुवातीला आधार म्हणून ठीक, पण तिसऱ्या महिन्यात तो काढून घ्या, नाहीतर डोळा तिकडेच जातो. त्यानंतर तोरापुढे म्हणायच्या दोन बेराखा, वाचनाआधीची आणि नंतरची. या त्याला स्वतः वाचता आल्याच पाहिजेत. त्यानंतर तीन-चार पासुक (वचनं). बाकीचं हजान वाचतील.

इंटरनेटवरून शिकताना एक धोका आहे. तिथं बहुतेक चाली आणि उच्चार अमेरिकेतल्या अश्केनाझी (मूळ युरोपातल्या ज्यूंच्या) देवळांतले. आपली रीत सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंची). मुलगा सहा महिने एका चालीवर शिकतो आणि ठाण्यात बाकीचे दुसरीच चाल धरतात, मग पोरगं भर देवळात गांगरतं. हजानांकडून त्यांच्याच आवाजात बेराखा फोनवर रेकॉर्ड करून घ्या, आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओवर वीस मिनिटं ऐकवा. तेफिलीन स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. आत कातड्यावर हातानं लिहिलेला मजकूर असायला हवा, छापील कागदाला काही अर्थ नाही. दारावरच्या मेझुझाचंही (चौकटीला लावायच्या धर्मवचनांच्या गुंडाळीचंही) तसंच. आधी उघडून पाहा, छापील निघाला तर बदला. आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी. पावसाळ्याच्या दमटपणात शाई तडकते, म्हणून गुंडाळी पातळ प्लास्टिकमध्ये ठेवा आणि सात वर्षांत दोनदा तपासून घ्या. भाड्याचं घर असलं तरी तीस दिवसांनंतर मेझुझा लागतोच.

शाळेचं काम जूनमध्येच करायचं असतं. या वर्षीचा जून हुकला असेल तर पहिल्या चाचणीआधी करा. मुख्याध्यापकांना एकच पानी अर्ज: आम्ही ज्यू आहोत, महाराष्ट्र शासनानं २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, पुढील तारखांना मुलं येणार नाहीत. तारखा लिहाच, रोश हशाना आणि किप्पूर तर नक्की. या वर्षी किप्पूर सोमवारी आहे, त्या दिवशी चाचणी असेल तर दुसरा दिवस मागा. शनिवारच्या चाचण्यांबद्दल मात्र आम्ही तुम्हाला हट्ट धरायला सांगणार नाही. धर्मशास्त्र स्पष्ट आहे, शब्बाथला लिहायचं नाही. पण आज तुमच्या घरात शब्बाथ मुळातच नाही, आणि ज्या मुलाला शुक्रवारचा दिवा माहीत नाही त्याला शनिवारचा पेपर चुकवायला लावला तर धर्म म्हणजे गुण गेल्याचं दुःख एवढंच त्याच्या वाट्याला येईल. आधी वर्षभर शुक्रवार. मग शनिवारची मागणी, तीही मुलाशी बोलून.

याच अर्जाच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये धर्माच्या रकान्यात काय आहे ते पाहा. ‘कर’ आडनाव बघून कारकून सवयीनं ‘हिंदू’ लिहितो, आणि पालक प्रवेशाच्या गडबडीत सही करून मोकळे होतात. तसं असेल तर मुलं शाळेत आहेत तोवरच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा अर्ज करा. दाखला हातात पडल्यावर ही दुरुस्ती फार जिकिरीची होते. सोबत जन्मदाखला, तुमची केतुबा (लग्नाचा करार) आणि देवळाचं पत्र जोडा.

दिरांच्या आग्रहाबद्दल थोडक्यात. इस्राएलला जाणं हा नोकरीचा, भाषेचा, म्हाताऱ्या आई-वडिलांचा, मुलांच्या सैन्यसेवेचा निर्णय आहे. तो त्या कारणांसाठी घ्या किंवा घेऊ नका. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घेऊ नका. तिथं शनिवार आपोआप मिळतो, हे खरं. पण तिथंही घरात काहीच न करणारी ज्यू कुटुंबं भरपूर आहेत, आणि दुसऱ्या पिढीची मराठी जाते ती जातेच.

पुढेमागे मुलांनी जायचं ठरवलं तर कागद लागतील, आणि ते आत्ताच जमवावेत. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला होता. आपल्या लोकांनी निदर्शनं केली, १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं ठरावानं सांगितलं, तेव्हा प्रकरण निवळलं. आज तशी वेळ नाही, पण वंशाचा पुरावा लग्नालाही लागतो आणि दफनभूमीलाही. तुमची केतुबा, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची केतुबा, देवळाच्या सभासद-वहीतली नोंद, मुलाच्या सुंतेची तारीख आणि ती करणाऱ्याचं नाव, अलिबागकडच्या कबरींवरच्या मजकुराचे फोटो. जुन्या केतुबाची शाई उडते, म्हणून झेरॉक्सवर समाधान मानू नका, रंगीत स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. सासूबाईंच्या कपाटात शोधायला सुरुवात करा. असे कागद बहुधा साड्यांच्या घडीखाली किंवा जुन्या हग्गादाच्या (सणाला वाचायच्या पुस्तकाच्या) पानांत सापडतात. आणि शाळेत अर्ज द्याल तेव्हा दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.